हौदा रिकामा ठेवा

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका पॅकिंगवाल्याच्या शेडमध्ये जीप उभी होती. महिंद्राची सीजे-३बी. अंगावर विटलेला हिरवा रंग, पुढची काच बोनेटवर आडवी पाडलेली, आणि स्टिअरिंग डाव्या बाजूला असल्याची सूचना मागच्या पत्र्यावर मोठ्या पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली. निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष बागायतदार घराण्यात ती दोन पिढ्या राबली. औषधाची पिंपं, खताच्या गोण्या, लग्नसराईतलं वऱ्हाड, सगळं तिने वाहिलं. आता ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या धाकट्या भावाकडे निघाली होती.

तिच्या शेजारी गोणपाटावर सामान मांडलेलं होतं. तीन गिअरचा अख्खा गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, क्राउन-पिनियनची जोडी, सेल्फ, डायनॅमो, स्प्रिंगच्या पाट्यांचा एक संच, ब्रेकचे चार ड्रम, किंगपिनची पुडकी, आणि तीस-चाळीस वर्षं कुणीतरी जपून ठेवलेले, कागदात गुंडाळलेले बेअरिंग. थोरल्या भावाच्या मनात हे सगळं जीपच्या मागच्या हौद्यात भरून वरून ताडपत्री आवळायची होती. शेडच्या मालकांना तिथे सगळे मामा म्हणतात. ते ऐकायला तयार नव्हते.

"मामा, गाडीचंच सामान आहे. गाडीतच राहू द्या की."

"भाऊ, घोटीपर्यंत न्यायचं असतं तर मीच भरून दिलं असतं. बोटीवर नाही चालायचं."

संपादकांनी यंदाच्या अंकाचा विषय 'सामान' असा कळवला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर हेच सामान आलं. जुनी गाडी परदेशी पाठवायची म्हटलं की लोक गाडीचं बोलतात, रंगाचं बोलतात, मॉडेलचं बोलतात. तिच्यासोबत जाणाऱ्या लोखंडाबद्दल कुणी बोलत नाही. खरी अडचण तिथेच असते.

पेट्यांतून आलेली गाडी

जीप या मुलखात आली तीच पेट्यांतून. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्राने विलीज कंपनीच्या जीप जोडायला घेतल्या. सुट्या भागांच्या पेट्या मुंबई बंदरात उतरायच्या, माझगावला उघडल्या जायच्या आणि तिथे गाडी उभी राहायची. पुढे एकेक भाग इथेच बनू लागला. अमेरिकेत सीजे-३बी १९५३ साली आली आणि १९६८ साली तिचं उत्पादन थांबलं. भारतात मात्र तिचं अंग, तिची चेसीस, तिचे अ‍ॅक्सल पुढेही कितीतरी वर्षं निघत राहिले. नाशिकचं आणि महिंद्राचं नातं नव्या पिढीला बोलेरो-स्कॉर्पिओमुळे माहीत आहे. जिल्ह्यातल्या जुन्या मिस्त्र्यांचे हात मात्र या चौकोनी जीपवर बसलेले आहेत.

याचा परिणाम असा की विलीजच्या गाड्या जपणारे परदेशातले हौशी लोक आजही भारतातल्या सुट्या भागांवर डोळा ठेवून असतात. स्टिअरिंग डावीकडे असल्याने ही जीप अमेरिकेतल्या रस्त्यावर जशीच्या तशी चालते. आणि जो माणूस जीप नेतो, तो सुटे भागही नेतो. त्यामागे हौसेपेक्षा हिशोब अधिक असतो. सातपूरच्या एका गॅरेजवाल्यांनी मला तो समजावून सांगितला. इथे बनलेले काही भाग विलीजच्या मूळ भागांशी तंतोतंत जुळतात, तर काहींत आटे, भोकं, जाडी यांचा बारीक फरक पडतो. इथे तो फरक मिस्त्री डोळ्यांनी ओळखतो, लेथवर जाऊन तासभरात निस्तरतो. तिकडे एका बुशसाठी गाडी सहा महिने उभी राहू शकते. म्हणून जाणत्या घरातून जीप निघते ती आपल्या पुढच्या वीस वर्षांचे सुटे भाग बरोबर घेऊन.

या जीपच्या बाबतीत आणखी एक गोष्ट जमून आली होती. नाशिक भागातल्या बहुतेक जुन्या जीपांची पेट्रोल इंजिनं कधीच उतरवली गेली आणि परवडतं म्हणून त्या जागी डिझेल इंजिनं बसली. हिचं मूळ 'हरिकेन' पेट्रोल इंजिन जागेवर होतं. अमेरिकेत पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला सुरक्षेच्या आजच्या नियमांतून सूट आहे. धुराच्या नियमांतून सूट मिळण्यासाठी गाडी एकवीस वर्षांहून जुनी लागते, शिवाय ती मूळ स्वरूपातही असावी लागते. डिझेल बसवलेल्या जीपच्या मालकाने हा मुद्दा आधी सोडवावा आणि मगच कंटेनर बोलवावा.

शंभर किलोचे ऐंशी किलो

मामांचं 'नाही' नुसत्या अनुभवातून आलेलं नव्हतं. त्यामागे हिशोब आहे.

युद्धकाळातल्या मूळ जीपची सरकारी नोंदच 'पाव टनी' अशी होती. म्हणजे साधारण अडीचशे किलो. आपल्याकडे तिने याच्या दुप्पट-तिप्पट ओझं वाहिलं हे खरं, पण रस्त्यावर ड्रायव्हर असतो, खड्डा दिसला की वेग कमी होतो, आणि संध्याकाळी ओझं उतरतं. जहाजात ते उतरत नाही. आठवडेच्या आठवडे गाडी एकाच जागी बांधलेली असते आणि जहाज कुशीवर झुकत राहतं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे.

कंटेनरमध्ये माल कसा बांधावा याची आंतरराष्ट्रीय नियमावली आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि संयुक्त राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक आयोग यांनी मिळून ती २०१४ साली मंजूर केली. खुल्या, मोठ्या लाटांच्या महासागरातून जाणारा माल त्याच्या वजनाच्या ८० टक्के जोराने आडवा ढकलला जाईल, असं धरून बांधणी करा, असं ती सांगते. म्हणजे शंभर किलोचा गिअरबॉक्स ऐंशी किलोच्या जोराने हौद्याच्या पत्र्यावर आदळू पाहणार, एका प्रवासात हजारो वेळा. तो पत्रा किती जाड असतो ते जीप पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे.

दुसरी गोष्ट पाट्यांची. गाडी बांधताना पट्टे आवळले की सगळं घट्ट दिसतं. पण मागे जड सामान असेल तर जहाजाच्या हालचालीने पाटे दबत-उठत राहतात, गाडी थोडी खाली बसते आणि पट्टे ढिले पडतात. ढिला पट्टा म्हणजे मोकळी गाडी. बंद कंटेनरमध्ये मोकळी सुटलेली गाडी आपला पुढचा भाग स्वतःच चेपून घेते आणि बंदरात दार उघडेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे करायची गरजच नसते. वीस फुटी कंटेनरची आतली लांबी जवळपास ५.९ मीटर. सीजे-३बीची लांबी ३.३ मीटर. जीप आत गेल्यावर अडीच मीटर फरशी उरते. कंटेनरची वजन पेलण्याची ताकद वीस टनांहून अधिक, आणि जीप भरते हजार किलोच्या आसपास. भाडं अख्ख्या कंटेनरचं द्यायचं आहेच. मग ते लोखंड गाडीच्या अंगावर का घालायचं? फरशीवर ठेवावं.

मोठ्या मोटारवाहू जहाजातून, म्हणजे गाडी चाकांवर चालवत आत नेण्याच्या पद्धतीने, पाठवायचं असेल तर हा प्रश्नच उद्भवत नाही. मुंबई बंदरातून नव्या गाड्या अशा रीतीने परदेशी जातात. पण तिथे गाडीत सामान ठेवायला बहुतेक जहाज कंपन्या परवानगी देत नाहीत, आणि गाडीची किल्ली पार परक्या हातांत जाते. सुट्या भागांसकट जायचं तर कंटेनर हाच मार्ग.

सुताराचं काम

पुढचं काम सुताराचं होतं. नाशिकला हे काम नवं नाही. द्राक्षाच्या हंगामात इथून रॉटरडॅमकडे शीतकंटेनर जातात. त्यातल्या लाकडी पॅलेटवर गव्हाच्या लोंबीचं चित्र असलेला शिक्का असतो. लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता किमान तीस मिनिटं दिली गेली, त्यातली कीड मेली, असं तो शिक्का सांगतो. लाकडी पेटीला आणि चाकाखालच्या ठोकळ्यांनाही तोच नियम लागतो. शिक्का नसलेला एक ठोकळा सापडला तरी पलीकडचं बंदर अख्खा कंटेनर अडवून ठेवू शकतं. मामांच्या शेडमध्ये ठोकळ्यासाठी तोडलेल्या प्रत्येक तुकड्यावर शिक्का राहील असं बघूनच करवत फिरत होती.

गिअरबॉक्सची पेटी मी पूर्ण होईपर्यंत पाहिली. आधी त्यातलं तेल पूर्ण काढलं. जिथे जिथे भोक उघडं होतं तिथे पत्र्याची चकती आणि गॅस्केट लावून बंद केलं. शाफ्टच्या टोकाला ग्रीस फासून त्यावर गंज रोखणारा पिवळसर कागद गुंडाळला. मग पेटीचा तळ घेतला, जाड फळ्यांचा, खाली फोर्कलिफ्टचे दात शिरतील एवढी फट ठेवून. गिअरबॉक्सला इंजिनशी जोडणारी जी मूळ भोकं असतात, त्यांतूनच बोल्ट घालून तो उभ्या फळीला आवळला. दोरी नाही, तार नाही. मामांचं म्हणणं, कारखान्याने गिअरबॉक्स धरायला जी जागा दिलीय तिथेच धरायचा. मग चार बाजू आणि झाकण. झाकणावर वजन, नंबर आणि आत काय आहे ते.

क्राउन आणि पिनियन मात्र त्यांनी एकाच पेटीत, एकाच कापडात बांधले. या दोघांचे दात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि जोडीची खूण म्हणून दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. जोडी फुटली की दोन्ही निकामी. थोरल्या भावाने तो नंबर मोबाइलच्या उजेडात वाचून वहीत लिहून घेतला.

जीपचं काम तोवर धुण्याच्या रॅम्पवर चाललं होतं. निफाडची काळी माती चेसीसच्या पन्हाळ्यात वर्षानुवर्षं बसून घट्ट झालेली. दाबाच्या पाण्याने ती सुटत नाही म्हणून एक मुलगा स्क्रू-ड्रायव्हरने खरवडत होता. अमेरिकेचं शेती खातं गाडीच्या तळाशी परकी माती शोधतं. सापडली तर गाडी पुन्हा धुवून घ्यावी लागते, तीही तिथल्या दराने, आणि फार असेल तर परत पाठवण्यापर्यंत वेळ येते.

रेडिएटरचं पाणी पूर्ण काढायला लावलं ते पाहून मला समाधान वाटलं, कारण लोक हे विसरतात. नाशिकला जीप साध्या पाण्यावर चालते. थंडीत उतरणाऱ्या बंदरात तेच पाणी इंजिनच्या ब्लॉकमध्ये गोठलं तर फुगतं आणि ब्लॉक तडकतो. सगळा प्रवास सुखरूप होऊन शेवटच्या रात्री इंजिन जातं. त्या ब्लॉकला पर्याय नाही.

पेट्रोल तळाशी उरेल इतकंच ठेवायचं, बॅटरीच्या दोन्ही तारा काढून त्यांची टोकं टेपने गुंडाळायची. २०२२च्या फेब्रुवारीत सुमारे चार हजार गाड्या घेऊन जाणारं 'फेलिसिटी एस' हे जहाज अटलांटिकमध्ये पेटलं आणि मार्चच्या पहिल्या तारखेला बुडालं. तेव्हापासून गाडी असलेल्या कंटेनरकडे जहाज कंपन्या अधिक बारकाईने पाहतात.

आत नेताना जीप हाताने ढकलत नेली. चारही चाकांना पुढून-मागून ठोकळे लावून ते फरशीत खिळवले. पट्टे टायरवरून घेऊन खालच्या कड्यांना आवळले, बंपरला किंवा बॉडीला कुठेही हात लावला नाही. पेट्या उरलेल्या जागेत, जाड फळ्या आधी पसरून त्यावर, कारण जड वस्तू एका ठिकाणी टेकली की कंटेनरच्या प्लायवूडच्या फरशीवर सगळा भार एकवटतो. वरच्या बाजूला ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगल्या. उष्ण हवामानातून थंडीत जाताना कंटेनरच्या छताला आतून घाम सुटतो आणि तो थेंबाथेंबाने खाली गळतो.

हौद्यात काहीच नव्हतं. एक जॅकसुद्धा नाही.

यादी

कंटेनर बंद झाल्यावर तो वजनकाट्यावर चढतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं प्रमाणित वजन कळवल्याशिवाय तो जहाजावर चढवायचा नाही, असा जगभर नियम आहे. काट्यावरचं वजन आणि कागदावरची बेरीज जुळली नाही की प्रश्न सुरू होतात. म्हणून पेटीतला प्रत्येक भाग वेगवेगळा तोललेला असावा.

कस्टमच्या भाषेत 'जीपचं सामान' अशी वस्तूच नाही. गाडी एका शीर्षकाखाली, चेसीसचे भाग दुसऱ्या, पेट्रोल इंजिन तिसऱ्या, सेल्फ आणि डायनॅमो चौथ्या. 'जुने सुटे भाग, एक लॉट' असं लिहून भागत नाही. काय आहे, किती आहे, नवं की वापरलेलं, किंमत काय, वजन काय, हे ओळीने लिहावं लागतं. अमेरिकेला जाणाऱ्या मालाची ही माहिती तर जहाजावर चढण्याच्या चोवीस तास आधी तिकडच्या कस्टमला पोचावी लागते, नाहीतर दंड पाच हजार डॉलरपर्यंत जातो. सीटखाली किंवा टूलबॉक्समध्ये लपवून ठेवलेला एखादा भाग क्ष-किरण तपासणीत दिसतोच. मग अख्खा कंटेनर उघडला जातो, आणि उघडण्याचा, पुन्हा बांधण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो.

विम्याचंही तसंच. गाडीचा विमा उतरवला म्हणजे आतल्या सामानाचा उतरला असं होत नाही. ज्याची नोंद यादीत आहे, त्याचीच भरपाई. जहाजावर मोठं संकट आलं आणि जहाजमालकाने 'सामायिक हानी' जाहीर केली, तर वाचलेल्या प्रत्येक मालाच्या मालकाला त्या खर्चात वाटा उचलावा लागतो. २०२१ साली सुएझ कालव्यात अडकलेल्या 'एव्हर गिव्हन'वरच्या मालधन्यांना असाच हमीचा तगादा लागला होता. आपल्या जीपचं काही बिघडलेलं नसलं तरी हमी दिल्याशिवाय ती हातात पडत नाही. विमा असेल तर ही हमी विमा कंपनी देते.

१ जानेवारी १९५०

आपल्या देशाच्या निर्यात धोरणात एक ओळ आहे, जी प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाने वाचलीच पाहिजे. १ जानेवारी १९५०च्या आधी बनलेल्या मोटारींच्या निर्यातीवर बंधन आहे. सरकारी परवान्याशिवाय ती देशाबाहेर जात नाही. मोटरसायकलींसाठी हीच रेषा १९४०ची आहे. आणि त्या ओळीत 'सुटे भाग' हे शब्दही आहेत. म्हणजे १९४७ सालच्या जीपचा नुसता ट्रान्सफर केस पेटीत टाकून पाठवला, तरी तो याच बंधनात येतो. माझ्या मते ही त्या नियमातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट आहे. गाडी एकदम नेता येत नसेल तर तुकड्या-तुकड्यांनी नेता येऊ नये, हे ज्यांनी लिहिलं त्यांना गाडी म्हणजे काय हे कळत होतं.

यामागे आपलं नुकसान आहे. संस्थानं विलीन झाली, १९७१ साली तनखे बंद झाले, आणि राजवाड्यांच्या पागेतल्या रोल्स रॉइस, बेंटली मातीमोलाने परदेशी गेल्या. जे टिकलं त्याची किंमत आज कळते. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपतींच्या घराण्याची जुनी मेबॅक निघते तेव्हा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक तिच्यासाठी उभे राहतात.

मोटार वाहन नियमांत २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळी व्हिंटेज नोंदणी आली. त्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात, नव्या नोंदणीची फी वीस हजार रुपये, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. पण ती पन्नास वर्षांची रेषा वेगळी आणि निर्यातीची १९५०ची रेषा वेगळी. लोक दोन्हींची गल्लत करतात.

ज्यांना गाडी फक्त फिरवून परत आणायची आहे, त्यांच्यासाठी कार्नेटचा, म्हणजे गाडी परत आणण्याच्या हमीच्या कागदाचा, मार्ग आहे. मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन तो देते. अहमदाबादच्या ठाकोर कुटुंबाने २०२३ साली 'लाल परी' ही १९५० सालची एमजी लंडनपर्यंत नेली. कार्नेटच्या पानावर जादा टायरसाठीही रकाना असतो. नेलं ते परत आणलंच पाहिजे.

वेगळी बंदरं, वेगळे प्रश्न

ऑस्ट्रेलियाला जाणाऱ्या जीपसाठी मामांनी एकदा ब्रेक शू, क्लच प्लेट आणि गॅस्केटची अख्खी पेटी बाजूला काढून ठेवली होती. तिथे २००३च्या अखेरीपासून अ‍ॅस्बेस्टॉसवर संपूर्ण बंदी आहे आणि जुन्या गाड्यांच्या याच भागांत ते असतं. गाडीतलेही काढावे लागतात. ब्रिटनमध्ये तीस वर्षांहून जुनी, मूळ स्थितीतली, उत्पादन थांबलेल्या मॉडेलची गाडी संग्रहमूल्याची मानली गेली तर तिला आयात शुल्क नाही आणि व्हॅट पाच टक्के. सुट्या भागांना मात्र ही सवलत आपोआप लागू होत नाही, म्हणून तिकडे जाताना भागांची यादी गाडीपासून वेगळी आणि नेमकी हवी. कराचे दर सगळीकडेच अलीकडे पटापट बदलतात. कंटेनर निघायच्या आठवड्यात आपल्या कस्टम ब्रोकरकडून ते नव्याने विचारून घ्यावेत.

निफाडची जीप एका पहाटे निघाली. कसाऱ्याचा घाट उतरून भिवंडीमार्गे न्हावा-शेव्याला. एरवी याच रस्त्याने द्राक्षं जातात.

भंगाराच्या काट्याआधी

नाशिक, दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यात अजून कितीतरी शेडमध्ये अशा जीप उभ्या आहेत. काहींची चाकं उतरली आहेत, काहींत कोंबड्या बसतात. त्यांच्या शेजारच्या पोत्यांत जे गंजकं लोखंड पडलेलं असतं, ते भंगारवाल्याच्या काट्यावर किलोच्या भावाने जातं. त्यात एखादी नंबर जुळलेली क्राउन-पिनियन असते, एखादा न वापरलेला किंगपिनचा संच असतो. ते विकण्याआधी एखाद्या जुन्या मिस्त्रीला दाखवा. हे ओळखणारे हात आता फार उरलेले नाहीत.

आणि गाडी परदेशी पाठवायचा विचार मनात असो वा नसो, घरातलं आरसी बुक आज शोधून काढा. त्यावरचं उत्पादनाचं वर्ष वाचा. चेसीसवरचा नंबर घासून स्वच्छ करा, त्यावर कागद ठेवून पेन्सिलने छाप घ्या आणि तो बुकातल्या नंबराशी ताडून पाहा. एक आकडा जरी चुकत असला, तर कंटेनर, सुतार, ब्रोकर यांच्याकडे जाण्याआधी आरटीओत जा.